फायलींनो, रांगेत या!

फोल्डर उघडला की फायली कशा शहाण्या मुलांसारख्या ओळीत उभ्या दिसतात. पण माहीत आहे का, डिस्कवर त्या अशा उभ्या नसतातच! सी प्रोग्रॅममध्ये 'ओपनडिर'ने डिरेक्टरी उघडा, 'रीडडिर'ने एकेक नाव मागा. नावं येतात ती एसटी फलाटाला लागल्यावरच्या गर्दीसारखी. लिनक्सच्या एक्स्ट-फोरवर मोठ्या डिरेक्टरीत तर ती चक्क नावावरून काढलेल्या 'हॅश' आकड्याच्या क्रमाने येतात. रांग लावायची ती तुम्ही!

या गर्दीत दोन पाहुणे कायमचे. एक टिंब म्हणजे 'मी स्वतः', दोन टिंबं म्हणजे 'माझे आईबाप'. जुन्या युनिक्समध्ये हे दोघे यादीत दिसू नयेत म्हणून 'एलएस' कमांडमध्ये एक शॉर्टकट मारला गेला: नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर सोडून द्या. झालं! टिंबाने सुरू होणारी प्रत्येक फाइल गायब. हिडन फाइलचा जन्म असा अपघाताने झाला, हे सांगितलं बेल लॅब्जच्या रॉब पाइक यांनी.

आता सॉर्टिंग. सीच्या 'क्यूसॉर्ट' या सॉर्टिंग फंक्शनमधला 'क्यू' क्विकसॉर्ट या पद्धतीचा. टोनी होअर यांना तो सुचला १९५९ मध्ये, मॉस्कोत, रशियन वाक्यातले शब्द डिक्शनरीत शोधण्यासाठी लावून घेताना. आणि गंमत माहीत आहे का? क्यूसॉर्टने आत क्विकसॉर्टच वापरावा अशी सक्ती सीच्या स्टँडर्डमध्ये नाहीच. लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीत कित्येक वर्षं या नावामागे मर्ज सॉर्ट ही वेगळीच पद्धत राबत होती!

इथे एक खड्डा आहे, सांभाळून. नावांच्या पॉइंटरांचा अ‍ॅरे क्यूसॉर्टला दिला आणि कम्पेअर फंक्शन म्हणून दोन नावं ताडणारं 'स्ट्रकम्प' थेट चिकटवलं, की यादीचा विचका ठरलेला. कारण क्यूसॉर्ट हातात नाव देत नाही, नावाच्या पॉइंटरचा पत्ता देतो. म्हणजे घर गाठायला आधी एक चिठ्ठी उघडायची! आणि हो, रीडडिरने दिलेलं नाव लगेच 'स्ट्रडप'ने उतरवून घ्या. पुढच्या कॉलला तीच जागा पुसली जाऊ शकते.

एवढी यातायात नको? 'स्कॅनडिर'ला 'अल्फासॉर्ट' द्या, वाचणं आणि लावणं एका फटक्यात.

'फोटो१०' हा 'फोटो२'च्या आधी का घुसतो? अक्षरं एकेक करून तपासली जातात म्हणून. १ लहान, २ मोठा, निकाल लागला! उतारा: 'अल्फासॉर्ट'च्या जागी जीएनयूचा 'व्हर्जनसॉर्ट', पण आकडे इंग्रजीत असतील तरच.

आणि आता आपला मुलूख, मराठी नावं! अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीची कल्पना १९९२ मध्ये केन थॉम्पसन यांनी न्यू जर्सीच्या एका डायनरमध्ये ताटाखालच्या कागदावर उतरवली. समोर कोण बसलं होतं? तेच रॉब पाइक! त्या हिशेबात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. काना, मात्रा, वेलांटी, सगळ्यांचं तिकीट वेगळं. 'केळफुलाची भाजी' या नावात अक्षरं ७ आणि एक स्पेस, पण बाइट ४०! लिनक्सवर फाइलच्या नावाला मर्यादा २५५ बाइटची. म्हणजे आपल्या वाट्याला फक्त ८५ चिन्हं.

रेसिपींचा फोल्डर स्ट्रकम्पने लावून बघा. इंग्रजी नावं सगळी वर, मराठी खाली, कारण देवनागरीचा पहिला बाइटच २२४. त्यात 'केळफुलाची भाजी' येते 'केशरी भात'च्या आधी! पाटीवर आपण गिरवलं 'ल व श ष स ह ळ', पण युनिकोडने ळ ला बसवलंय ल आणि व यांच्या मधे. हे मला मुळीच पटत नाही. पण कम्पेअर फंक्शन तर आपल्याच हातचं! लिहा स्वतःचं, ळ ला ह च्या पाठीमागे नेऊन बसवा, आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवा: आधी केशरी भात, मग केळफूल.