बाळाचं नाव काय लिहू?

मंडळी, माझा नातू जेमतेम दोन वर्षांचा आहे. मला ‘नाना’ म्हणताना त्याच्या तोंडून एकच ‘ना’ बाहेर पडतो. पण त्याच्याकडे स्वतःचा पासपोर्ट आहे आणि त्यावर सहीच्या जागी त्याचा चिमुकला अंगठा आहे. आमच्या घराण्यात दोन पिढ्यांपूर्वी अंगठा उठवणारे पुष्कळ होते. शिकूनसवरून आम्ही सहीवर आलो, आणि हा पठ्ठ्या पुन्हा अंगठ्यावर गेला!

डिसेंबर २०२५ मध्ये आम्ही शारजाला जाऊन आलो. मी, माझी बायको, लेक आणि तिची दोन मुलं. माझी थोरली बहीण, आमची आपा, १९८४ साली निकाह होऊन तिकडे गेली. दूल्हाभाई बंदरात नोकरीला होते. पुढे ते डायलिसिसवर गेले आणि त्यांचं इकडे येणं बंद झालं. म्हणून आम्ही तिकडे जायचं ठरवलं. हे २०१९ मधलं ठरणं. जायला सहा वर्षं लागली. का लागली, ते सांगता सांगता मुलांच्या पासपोर्टाची आणि व्हिसाची सारी हकीगत सांगून होईल.

आमच्या लहानपणी हे प्रकरण सोपं वाटायचं. आईच्या पासपोर्टात मुलांची नावं चढवायची, की आईबरोबर मुलंही निघाली. आता ते चालत नाही. तान्हं मूल असलं तरी त्याचा पासपोर्ट वेगळा. युरोपीय संघातल्या देशांनीही आईवडिलांच्या पासपोर्टातल्या मुलांच्या नोंदी जून २०१२ पासून प्रवासाला बाद ठरवल्या. एक माणूस, एक पासपोर्ट, असा हा नियम आहे.

या साऱ्याची सुरुवात जन्मदाखल्यापासून होते. माझी नात आयेशा २०१७ मध्ये जन्मली. दवाखान्यात फॉर्म आला. ‘बाळाचं नाव काय लिहू?’ असं विचारल्यावर मी म्हणालो, ‘द्या इकडे, मीच लिहितो.’ मी मराठी घेऊन बी. ए. झालेला, त्यातून कवी. देवनागरीत ‘आयेशा’ इतकं झोकात लिहिलं की नर्सबाईंनी कौतुक केलं. खाली इंग्रजी नावाचा रकाना होता. तिथे घाईघाईत ए-वाय-एस-एच-ए असं लिहून मोकळा झालो. पुढे लेकीनं मुलीचं आधार काढलं, त्यात ए-वाय-ई-एस-एच-ए असं लिहिलं. एका ‘ई’चा फरक. कवितेत अनुस्वार चुकला तर संपादकांशी भांडणारा मी, पण ही ‘ई’ माझ्या नजरेतून निसटली.

दुसरी गाठ लेकीच्या नावाची होती. तिचा पासपोर्ट लग्नाआधीचा, म्हणजे त्यात माझं नाव. मुलीच्या जन्मदाखल्यात आईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव. निकाहानंतर बाईनं नाव बदललंच पाहिजे, असा आमच्या धर्माचा दंडक नाही. कायद्याचाही नाही. पण आपण महाराष्ट्रात राहतो, शेजारच्या घरातली रीत आपल्याही घरात येते. झालं असं की, कागदावर ही आई आणि ही मुलगी एकमेकींच्या कोणी नव्हत्या.

ऑगस्ट २०१९ मध्ये अर्ज केला आणि या दोन्ही गाठी एकदम पुढे आल्या. आधी लेकीच्या पासपोर्टात नवऱ्याचं नाव घालून घेतलं. मग नगरपालिकेत जन्मदाखला दुरुस्त करून घेतला. या दुरुस्तीची पद्धत मला आवडली. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानुसार मूळ नोंद खोडत नाहीत. शेजारी समासात दुरुस्ती लिहितात, तारीख घालतात आणि सही करतात. चूकही राहते, दुरुस्तीही राहते. आयेशाचा पासपोर्ट हाती आला तेव्हा फेब्रुवारी २०२० उजाडला होता. एप्रिलची तिकिटं काढली. मार्चमध्ये करोनानं विमानं बंद केली. त्याच हिवाळ्यात दूल्हाभाई गेले. आयेशाला त्यांनी पाहिलं ते फक्त फोनच्या काचेवर.

त्यात दोष कुणा कचेरीचा नव्हता. माझा होता. म्हणून इतकं सविस्तर सांगतो आहे.

आता नियम आणखी स्पष्ट झाला आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या जन्मतारखेचा पुरावा म्हणून पासपोर्टासाठी फक्त जन्मदाखलाच चालतो. २०२५ मध्ये नियमांत तशी दुरुस्ती झाली. माझा नातू डिसेंबर २०२३ चा. त्याच्या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. नाव एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, घरातल्या तिघांनी वाचलं, आणि मगच फॉर्म भरला. दाखल्यात नावाची जागा कोरी राहिली असेल तर नाव नंतर घालता येतं. बारा महिन्यांच्या आत शुल्क लागत नाही, पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. पण ते काम रेंगाळत ठेवू नये.

नाव लिहिताना पासपोर्टातले दोन रकाने ध्यानात ठेवा. एक आडनावाचा, दुसरा नावाचा. आमच्यात कुणी ‘शेख’ आधी लिहितो, कुणी शेवटी. कुणाला आडनावच नसतं. बापाचं नाव तेच आडनाव. ‘मोहम्मद’ तर इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितात, याची गणतीच नाही. पूर्वी एक रकाना रिकामा राहिला तरी खपून जायचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीनं कळवलं की, पासपोर्टावर एकच नाव असेल तर भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाही. काही दिवसांतच, मागच्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल, अशी सवलत दिली. पण तेवढ्यात कित्येकांची धावपळ झाली. तेव्हा दोन्ही रकाने भरा, आणि मुलाचं आडनाव बापाच्या किंवा आईच्या पासपोर्टात आहे तसंच, अक्षर न् अक्षर सारखं लिहा.

मुलाच्या अर्जाला आई आणि वडील दोघांची संमती लागते. तो कागद ‘अ‍ॅनेक्शर डी’. साध्या कागदावर दोघांनी सही करायची. माझा जावई जहाजावर असतो. पालक परदेशी असेल तर त्यानं तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन प्रतिज्ञापत्र करायचं असतं. पण समुद्रात वकिलात नसते! म्हणून आम्ही तो जहाजावर चढण्याआधीच सह्या उरकल्या.

दोघांच्या सह्या कशाला, असं वाटतं. पण नवराबायकोच्या भांडणात एकानं मूल परस्पर देशाबाहेर नेलं, तर ते परत आणणं फार अवघड. अशा मुलांसाठी १९८० चा हेग करार आहे, त्यात भारत सामील नाही. म्हणजे ती सही मुलाची राखण करते.

मात्र ज्या घरात दुसरी सही मिळणारच नाही, तिथे काय? आमच्या गल्लीत एक बाई शिवणकाम करते. नवरा सोडून गेलेला. तिचा भाऊ कतारला, त्यानं भाच्याला सुट्टीत बोलावलं. ती मला म्हणाली, ‘चाचा, याच्या बापाची सही मी कुठून आणू?’ मी तिला सांगितलं, आणायची नाही. मे २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की, एकट्या आईचं नाव पुरेसं आहे. डिसेंबर २०१६ मध्ये नियमही सैल झाले. एका पालकाचं नाव चालतं. दुसऱ्याची संमती का नाही, ते ‘अ‍ॅनेक्शर सी’ मध्ये स्वतः लिहून द्यायचं. तिनं ते लिहिलं. मुलाचा पासपोर्ट आला, तेव्हा तिनं शिलाई यंत्रावरून उठून मला दाखवला.

बाकीचं काम सोपं आहे. अर्ज संगणकावर भरायचा, वेळ घ्यायची, मुलाला घेऊन केंद्रावर जायचं. टपाल कचेऱ्यांत २०१७ पासून पासपोर्ट केंद्रं उघडू लागली, त्यामुळे पुण्या-मुंबईची खेप वाचते. शुल्क एक हजार रुपये, आठ वर्षांखालच्या मुलांना दहा टक्के सवलत. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो घरून न्यायचा. आईवडिलांकडे चालू पासपोर्ट असतील, तर मुलासाठी पोलीस चौकशी सहसा होत नाही.

एक गोष्ट मात्र फार जण विसरतात, आम्हीही विसरलो. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, लहानांचा पाच वर्षांचाच, किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल ते. आयेशाचा फेब्रुवारी २०२० चा पासपोर्ट फेब्रुवारी २०२५ मध्ये संपला. आम्हाला कळलं जूनमध्ये. आतल्या फोटोतली दोन वर्षांची बाहुली आणि समोरची दात पडलेली पोर यांचा मेळ तरी कसा बसावा! पुन्हा अर्ज, पुन्हा दोन सह्या, नवं पुस्तक. अनेक देशांना प्रवासाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. म्हणजे मुलाचा पासपोर्ट खरा साडेचार वर्षांचाच समजावा. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना दहा वर्षांचा मागता येतो.

पासपोर्ट आपलं सरकार देतं, व्हिसा समोरचा देश देतो. आणि तोही प्रत्येक मुलाचा वेगळा. देशागणिक तऱ्हा वेगळी. युरोपातल्या शेंगेन देशांत सहा वर्षांखालच्या मुलांना शुल्क नाही, सहा ते बाराखालच्यांना निम्मं, आणि बारा वर्षांखालच्यांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. प्रवासाआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो, पंधरा दिवसांच्या आत आलेला मात्र उशिराचा. अमेरिकेच्या व्हिसासाठी चौदा वर्षांखालच्या मुलांना पूर्वी मुलाखतीतून सूट असे, ती सप्टेंबर २०२५ पासून साधारणपणे बंद झाली. आमचं काम भाच्यानं तिकडून केलं, पण मुलांबरोबर वडील नव्हते म्हणून जावयाचं संमतिपत्र आणि दोन्ही जन्मदाखले लेकीनं पर्समध्येच ठेवले होते. मूल एकाच पालकाबरोबर किंवा आजीआजोबांबरोबर जाणार असेल, तर एवढं जरूर करा.

शारजात पोचलो तेव्हा रात्र झाली होती. आपानं कपाटातून एक गुलाबी फ्रॉक काढला. २०१९ मध्ये दूल्हाभाईंनी आयेशासाठी आणला होता, दोन वर्षांच्या मुलीच्या मापाचा. आयेशानं तो अंगाला लावून पाहिला आणि हसत म्हणाली, ‘नाना, हा तर कमरेपर्यंतच येतो.’ आपानं फ्रॉक घडी करून परत ठेवला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

म्हणून सांगतो मंडळी, घरात बाळ आलं आणि कुणी विचारलं, ‘बाळाचं नाव काय लिहू?’ तर ‘लिहा काहीतरी, नंतर बघू’ असं म्हणू नका. पेढे दहा मिनिटं उशिरा वाटा. आधी ते नाव नीट लिहा, आणि लिहिलेलं दुसऱ्याकडून वाचून घ्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)