पौरुषग्रंथीचा कर्करोग : वैद्याने वेळीच ओळखावयाची चिन्हे

चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत लघवीचा त्रास सुरू झालेला वृद्ध रुग्ण अनेकदा प्रथम जवळच्या वैद्याकडे किंवा औषधी दुकानात येतो. रात्री वारंवार उठावे लागणे, धार बारीक होणे, मूत्र थेंबथेंब येणे ही लक्षणे ऐकून आपण गोक्षुरादि गुग्गुळ, चंद्रप्रभा वटी, वरुण, पुनर्नवा यांची योजना करतो. ही लक्षणे बहुधा वयपरत्वे होणाऱ्या साध्या ग्रंथीवृद्धीची असतात; तथापि कर्करोगाचीही असू शकतात. तो भेद न करता औषध चालू ठेवणे म्हणजे रुग्णाचा मोलाचा काळ दवडणे होय.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताच्या वर्णनात गुद व बस्ती यांमधील दगडासारख्या घट्ट, अचल, उंचावलेल्या ग्रंथीस अष्ठीला म्हटले आहे. तिचे कर्करोगाशी सरसकट समीकरण मांडणे योग्य नाही. परंतु गुदमार्गे अंगुलीपरीक्षण करताना ग्रंथी कठीण, खडबडीत वा गाठाळ लागल्यास सावध व्हावे, हा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

हा रोग बहुतांशी ग्रंथीच्या बाह्य भागात सुरू होतो. म्हणून प्रारंभी मूत्रमार्गावर दाब पडत नाही व लक्षणे दिसत नाहीत. वाढते वय, वडील वा भावास हा रोग असणे आणि बीआरसीए-२ सारखे जनुकीय दोष हे प्रमुख जोखीम घटक होत. स्थूलता व धूम्रपान यांचा संबंध रोगाच्या अधिक गंभीर स्वरूपाशी आढळतो.

रक्तातील पीएसए दर मिलिलीटरला ४ नॅनोग्रॅमपेक्षा अधिक असल्यास पुढील तपासणीचा विचार सामान्यतः केला जातो. मात्र मूत्रसंसर्ग, मूत्रावरोध व साधी ग्रंथीवृद्धी यांतही तो वाढतो. उलट फिनास्टेराइडमुळे सुमारे निम्मा दिसतो. निदान बायोप्सीनेच निश्चित होते.

कंबरदुखीकडे विशेष लक्ष द्यावे. हा रोग पसरताना कटी व श्रोणीची हाडे गाठतो. धानाच्या बांधीत आयुष्यभर वाकलेल्या शेतकऱ्याची कंबर दुखणे नवलाचे नाही. पण साठी उलटलेल्या पुरुषास रात्री वाढणारी, विश्रांतीनेही न थांबणारी वेदना असल्यास क्ष-किरण व पीएसए तपासणीपूर्वी जोरकस मर्दन करू नये. पोखरलेले हाड मोडू शकते. अशा वेदनेसोबत पायांत दुर्बलता आल्यास किंवा मूत्र अडल्यास मज्जारज्जूवर दाब आल्याची शंका घ्यावी. रुग्ण त्याच दिवशी रुग्णालयात पोहोचला पाहिजे. सिरोंचा, भामरागड, एटापल्ली येथील अंतरे पाहता येथे एका दिवसाचाही विलंब पायांवर बेतू शकतो.

मर्यादित रोगात काही रुग्णांवर केवळ नियमित देखरेख पुरते. अन्यथा शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार केले जातात. पसरलेल्या रोगात पुरुषसंप्रेरक रोखणे हा मुख्य उपचार आहे. त्याचा पाया चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये घातला; १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून असे उपचार घेणाऱ्या रुग्णास त्याच्या कर्करोगतज्ज्ञास कळविल्याविना वाजीकरण औषधे देऊ नयेत. नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात कर्करोगाचे उपचार होतात. संलग्न रुग्णालयांतील खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहितीही रुग्णास आपणच द्यावी.

औषधी दुकानदारांसाठी एक उदाहरण उद्बोधक आहे. अमेरिकेत पीसी-स्पेस हे वनस्पतींचे मिश्रण या रुग्णांत लोकप्रिय होते. त्यात रक्त गोठू न देणारे वॉरफेरीन आढळल्याने २००२ मध्ये ते बाजारातून मागे घेण्यात आले; कृत्रिम स्त्रीसंप्रेरकही त्यात सापडले होते. आपल्याकडे १९५४ च्या जादूटोणासदृश उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्यान्वये कर्करोग व पौरुषग्रंथीचे विकार बरे करण्याची जाहिरात निषिद्ध आहे.

भूक, निद्रा, मलप्रवृत्ती व बल यांची काळजी घेऊन उपचारकाळात रुग्णास आधार देणे हे आपले क्षेत्र आहेच. मात्र त्याआधी अंगुलीपरीक्षण, पीएसएची चिठ्ठी आणि वेळेवर पाठवणी ही तीन कर्तव्ये येतात. रुग्णाचा आपल्यावरील विश्वास त्याला नागपूरपर्यंत नेण्यासाठी उपयोगी पडावा, यातच त्या विश्वासाचे सार्थक आहे.