कोरड्या मुलुखातला पूर
वाळवंटी दऱ्यांच्या वाटेवर : भाग ४

गेल्या आठवड्यात आपण ग्रँड कॅन्यनच्या काठावर होतो. आता तिथून उत्तरेला, यूटा राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात जायचं आहे, आणि चालायचं आहे ते थेट नदीतून. झायनमधल्या ‘नॅरोज’ला वेगळी पायवाट नाही. व्हर्जिन नदीचं पात्र हीच वाट. दोन्ही बाजूंना उभे कडे, काही ठिकाणी ३०० मीटरपर्यंत चढलेले. मधली रुंदी कुठे कुठे जेमतेम सहा ते नऊ मीटर. पायाखाली निसरडे गोटे, पाणी कधी घोट्यापर्यंत, कधी कमरेपर्यंत. हातात भक्कम काठी आणि पायात बंद बूट नसतील तर इथे उतरूच नये.

हे कडे नावाहो वालुकाश्माचे. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी इथे वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या प्रचंड टेकड्या होत्या. त्याच दबून, घट्ट होऊन दगड झाल्या. खडकातल्या तिरप्या रेघा पाहिल्या की तेव्हाचा वारा कुठून वाहत होता, हे आजही वाचता येतं. मला झायनमध्ये सर्वांत जास्त थक्क करतात त्या याच रेघा.

आता पुराकडे वळू. वरच्या पठारावर उघडा खडक फार आणि पाणी मुरवून घेणारी माती थोडी. त्यामुळे वळवासारखी जोरदार सर कोसळली की पाणी खडकावरून घरंगळत सरळ घळींकडे धावतं आणि अरुंद जागेत शिरताच त्याची उंची झपाट्याने वाढते. जुलै ते सप्टेंबर या काळात दुपारच्या गडगडाटी सरी इथे नेहमीच्या. धोका असा की पाऊस कित्येक किलोमीटर वर, पाणलोटात पडतो आणि आपल्या डोक्यावरची आकाशाची चिंचोळी पट्टी मात्र निळीशार असते. सांदण दरीत पावसाळ्यात उतरू नये हे आपल्या ट्रेकरला सांगावं लागत नाही, कारण पावसाळा समोर दिसत असतो. झायनमध्ये तो दिसेलच असं नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी तिथल्या कीहोल नावाच्या घळीत उतरलेल्या गटातले सातही जण पुरात गेले.

म्हणून उद्यानाचे कर्मचारी रोज पुराचा अंदाज जाहीर करतात आणि प्रवाह १५० क्युसेकच्या वर गेला की नॅरोज बंद ठेवतात. खडकवासल्याच्या विसर्गाचे आकडे वाचणाऱ्या पुणेकराला १५० क्युसेक किरकोळ वाटतील. पण इथे माणूस पुलावर उभा नसतो, प्रवाहातच उभा असतो.

पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहत आली, वरून घरघर ऐकू आली, की विचार करत थांबू नये. पळून पुराला मागे टाकता येत नाही. जवळचा उंचवटा गाठून पाणी ओसरेपर्यंत तिथेच बसावं. अडचण ‘वॉल स्ट्रीट’ नावाच्या सर्वांत अरुंद टप्प्यात येते. तिथे चढायला उंचवटेच फारसे नाहीत. तो टप्पा सर्वांत देखणाही आहे, त्यामुळे मोह होतो. अंदाजात पुराची शक्यता सांगितली असेल त्या दिवशी मात्र नदीत उतरूच नये. नदीकाठाने जाणारा दीड किलोमीटरचा फरसबंद ‘रिव्हरसाइड वॉक’ चालावा, झिरपत्या कड्यांवरची नेची बघावीत आणि शटल बसने परत यावं.