आतड्याचा कर्करोग आणि रुग्णाचे ताट

आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले की आपल्या खारेपाटणसारख्या गावात पहिला घाला पडतो तो रुग्णाच्या ताटावर. मासे बंद, अंडी बंद, नुसत्या पेजेवर दिवस! 'जास्त खाल्ले तर गाठ वाढेल' ही समजूत त्यामागे असते. ती चुकीची आहे, हे आम्ही येथे स्पष्ट करू इच्छितो. उपासाने गाठ मरत नाही, माणूस मात्र खंगतो. वजन फार घटले की शस्त्रक्रियेची जखम उशिरा भरते आणि केमोथेरपी लांबणीवर टाकावी लागते.

मूत्रपिंडाचा विकार नसल्यास अशा रुग्णास दररोज दर किलो वजनामागे १ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. म्हणजे ५० किलोच्या माणसास ५० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम मिळतात. नुसत्या पेजेने ही गरज कशी भागणार? म्हणून मऊभातासोबत नीट शिजवलेला मासा, उकडलेले अंडे, मुगाचे वरण द्यावे. तेही थोडे थोडे, पाच-सहा वेळा. जुलाब होत असल्यास पालेभाज्या, सालीची कडधान्ये व तिखट काही दिवस टाळून ओआरएस पाजावे. ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध चालू असता थंड पाणीही घशाला झोंबते. तेव्हा कोमट द्यावे. शिळे, कच्चे टाळावे.

परळच्या टाटा रुग्णालयात (स्थापना १९४१) वा अन्यत्र उपचारास गेल्यावर डॉक्टरांबरोबर आहारतज्ज्ञांनाही अवश्य भेटावे. आणि रुग्णास भेटावयास जाताना आपण उपदेशाऐवजी अर्धा डझन अंडी न्यावीत, ही नम्र विनंती.