ताकापुरते रामायण

दिवाळी अंकात ताकाचा विषय पाहून कुणी नाक मुरडील. पण आश्विनातले ऊन काही वैशाखाला हार जाणारे नसते. आणि चार चकल्या, दोन करंज्या पोटात गेल्यावर संध्याकाळी जीव काय मागतो, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

आपल्या भाषेने ताकाची मोठी मार्मिक नोंद ठेवली आहे. 'ताकाला जाऊन भांडे लपवणे' हे आपण नित्य म्हणतो. 'ताकापुरते रामायण' म्हणजे काम साधेपर्यंतची गोडगोड बोलणी. दोन्ही ठिकाणी कुणीतरी दुसऱ्याच्या दारात उभे आहे! दुभते ज्याच्या घरी, लोणी-तूप त्याचे. घुसळून उरलेले ताक मात्र शेजाराचेही. ते विकणे कमीपणाचे वाटे, आणि फुकट मागणेही जिवावर येई. म्हणून भांडे पदराआड.

१९७० साली 'दुधाचा महापूर' योजना सुरू झाली आणि पुढे गावोगावचे दूध संकलन केंद्राकडे वळू लागले. दुधाचा रोख पैसा शेतकऱ्याच्या हाती आला, त्याबद्दल तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु जे दूध पहाटेच कॅनमधून बाहेर पडले, त्याचे ताक कुठून होणार? शेजारणीचा तांब्या रिकामा राहिला, हा हिशेब कुणी मांडला नाही. आता ताक पिशवीतून विकत मिळते. भांडे लपवण्याचे कारणच उरले नाही.

जुन्यांची नजर याबाबत फार बारीक. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात ताकाचे पाच प्रकार सांगितले आहेत. सायीसकट, पाण्याशिवाय घुसळलेले ते घोल. साय काढून, बिनपाण्याचे ते मथित. चौथा हिस्सा पाणी घातलेले तक्र, निम्मे पाण्याचे उदश्वित्, आणि लोणी काढून भरपूर पाणी घातलेली ती छच्छिका. आमच्या गुजराती शेजाऱ्यांची छास या शेवटच्या नावाच्या किती जवळ आहे, पाहा! मंगल कार्यालयांत जिलबीबरोबर मठ्ठा म्हणून जे पांढरे पाणी वाढतात, त्याला मात्र या पाचांत जागा सापडत नाही.

मठ्ठ्याला दही ताजे हवे. आंबट दह्यावर साखरेची मात्रा चालत नाही. आंबटही लागते आणि गोडही. कोमट दुधाला रात्री विरजण लावावे, दही सकाळी घट्ट लागले की गार जागी ठेवावे. अर्धा लिटर दही आधी पाण्याशिवाय रवीने मोडून घ्यावे, मग माठातले पाणी साधारण तेवढेच, थोडे थोडे घालीत घुसळावे. मिक्सर फार वेळ फिरवला तर फेस होतो आणि साईच्या दह्याचे लोण्याचे कण सुटे होऊन तोंडात येतात. लोणी काढायचे असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा गारवाच हवा, कारण उन्हे चढली की लोणी मऊ पडते आणि गोळा धरीत नाही. म्हणून तर उन्हाळ्यात घुसळण पहाटे चाले.

बोटाच्या पेराएवढे आले, एक हिरवी मिरची आणि मीठ एकत्र ठेचावे. नुसती चिरलेली मिरची तळाशी बसते आणि शेवटचा पेला घेणाऱ्याचा घात करते. भाजून भरडलेले जिरे, चिमूटभर हिंग, चमचाभर साखर आणि भरपूर कोथिंबीर घालून अर्धा तास झाकून ठेवावे. हा अर्धा तास वगळू नये, आल्याचा वास त्यातच उतरतो. घामावाटे गेलेले पाणी आणि मीठ दोन्ही या पेल्यातून परत मिळतात, म्हणून उन्हातून आलेल्याला मिठाचा हात किंचित सैल चालेल. पुदिना घालणारे घालोत. आमच्या घरी त्यावर दोन तट आहेत.

भांडे स्टीलचे, काचेचे किंवा मातीचे घ्यावे. आजीच्या काळचे पितळी पातेले हौसेने काढाल, तर आधी कल्हई आहे ना ते पाहा, नाहीतर ताक कळकेल. उरलेच, तर दुसऱ्या दिवशी बेसन लावून कढी करावी; मीठ मात्र पुन्हा घालू नये.