एलियनचा पत्ता विचारला, हाळच्या माणसांनी बोट वर केलं

सिनेमातले एलियन कुठे उतरतात? तुम्ही म्हणाल न्यूयॉर्क. फार तर 'कोई... मिल गया' आठवून कसौली. खोपोलीचं नाव कुणीच घेणार नाही.

गेल्या आठवड्यात शिवडीला मित्राच्या घरी आम्ही चौघांनी लॅपटॉपवर 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' लावला. स्टीव्हन स्पीलबर्गचा १९७७चा सिनेमा. सुरुवात जरा स्लो आहे, पण टिकून राहा. मध्येच पाटी येते : धरमशाला, उत्तर भारत. शेकडो माणसं एकत्र बसून एकच धून गातायत. परदेशी शास्त्रज्ञांची टीम ती रेकॉर्ड करते. हा आवाज आला कुठून, असं त्यांना विचारलं जातं आणि एका क्षणात शेकडो हात वर जातात. बोटं थेट आकाशाकडे!

आता पॉज करा. हे धरमशाला नाहीच. हे आहे खालापूरजवळचं हाळ, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं. १९७७च्या सुरुवातीला स्पीलबर्ग इथे शूटिंग करून गेला. सोबत फ्रान्स्वा त्रुफो, म्हणजे फ्रेंच सिनेमाचा बाप माणूस. सिनेमातला शास्त्रज्ञ लाकोम्ब तोच. आणि समोरच्या गर्दीत आपल्याच भागातली माणसं.

हा सीन नुसता 'इंडिया दाखवा' म्हणून घुसडलेला नाही. सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. 'इंडिपेंडन्स डे'मध्ये एलियन आले की विमानं, बॉम्ब, राष्ट्राध्यक्षांचं भाषण. इथे बोलणं होतं ते सुरांतून. जॉन विल्यम्सनं बांधलेले पाच सूर. शेवटी डेव्हिल्स टॉवरजवळ अवाढव्य यान उतरतं, तेव्हा माणसं तेच सूर वाजवतात आणि यान उत्तर देतं. 'अरायव्हल'मध्ये (२०१६) एलियनची लिपी शिकायला भाषातज्ज्ञ बोलवावी लागते. हाळच्या माणसांचं काम एका बोटात झालं. मला विचाराल तर क्लायमॅक्सपेक्षा हाच सीन भारी आहे.

आणि योगायोग बघा. त्याच १९७७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये 'नासा'नं दोन व्हॉयेजर यानं खरोखरच अवकाशात सोडली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे, कधीतरी कुणा परक्याला सापडली तर ऐकायला. तिच्यात ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यात मराठीही. शिवाय केसरबाई केरकरांची भैरवी. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबरला, केसरबाई मुंबईत गेल्या १६ सप्टेंबरला. त्यांचा आवाज घेऊन ते यान आज सौरवाऱ्याच्या प्रभावाची वेस ओलांडून पुढे चाललंय.

केसरबाईंचं नाव निदान नोंदलेलं आहे. हाळच्या गावाला मात्र पडद्यावर स्वतःचं नावसुद्धा मिळालं नाही. त्या गर्दीत जे तेव्हा विशीत असतील, ते आज सत्तरीला टेकलेत. गोऱ्या साहेबानं नेमकं काय समजावलं, हात किती वेळा वर करायला लावले, आकाशात काय आहे असं सांगितलं होतं, हे तेच सांगू शकतील. आणखी दहा वर्षांनी कुणाला विचारणार?

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूचं असेल तर आजी-आजोबांना आजच तो सीन दाखवा. बोलतील तेव्हा फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. आम्ही या रविवारी निघतोय. शिवडीहून हार्बरनं कुर्ला, तिथून खोपोली लोकल. गाड्या मोजक्याच असतात, टाइमटेबल बघून निघा.