गिअर निसटतोय? जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स बदलण्याआधी हे तपासा

हिंगोली : हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून झाली की वसमत आणि हिंगोलीच्या बाजारात पोत्यांची वाहतूक सुरू होते. नेमक्या याच दिवसांत अनेक शेतकऱ्यांची जुनी जीप किंवा पिकअप दगा देते. औंढा नागनाथकडचा उतार लागला, ॲक्सिलेटरवरून पाय काढला की तिसरा गिअर निसटून न्यूट्रलमध्ये येतो. भरलेल्या गाडीत असे होणे धोक्याचेच. ‘गिअरबॉक्स गेला, दुसरा टाका’ असा सल्ला लगेच मिळतो. पण दरवेळी तो खरा असतोच असे नाही.

दोष नेमका कुठे?

गाडी जागेवर उभी करून हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा आणि कान द्या. घरघर येत असेल आणि क्लच दाबल्यावर ती थांबत असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. याउलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर बहुधा रिलीज बेअरिंग खराब आहे. गिअरबॉक्सचा त्यात दोष नाही.

सगळेच गिअर, विशेषतः रिव्हर्स, टाकताना खरखर होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, असे समजावे. एकाच गिअरला खरखर असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असू शकते. गिअर निसटत असेल तर गिअरचे दात, फोर्क किंवा लॉकची स्प्रिंग तपासावी लागते. दोन-चार सुट्या भागांत काम भागत असेल तर जुनाच गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करणे बरे. केसिंगला तडा गेला असेल किंवा गिअरचे दात तुटले असतील, तर मात्र बदलणे आले.

कोणता गिअरबॉक्स बसेल?

महिंद्रने १९४७ पासून विलिस जीप भारतात आणली. त्या काळच्या जीपमध्ये ‘टी-९०’ हा तीन गिअरचा बॉक्स असे. त्याच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. म्हणून जुने चालक चालत्या गाडीत पहिला गिअर टाकताना क्लच दोनदा दाबत. पुढे डिझेल इंजिने आली, चार आणि पाच गिअरचे बॉक्स आले. त्यामुळे ‘जीपचा गिअरबॉक्स’ एवढेच सांगून भंगार बाजारात जाऊ नये.

जाताना या गोष्टी मोजून न्याव्यात : बेल हाउसिंगच्या बोल्टांची जागा, पुढच्या शाफ्टची लांबी आणि त्यावरील खाचा, बॉक्सची एकूण लांबी, मागच्या माउंटिंगची जागा. बॉक्सची लांबी बदलली की प्रोपेलर शाफ्ट छोटा-मोठा करावा लागतो. स्पीडोमीटरचा गिअर वेगळा असेल तर काटा चुकीचा वेग दाखवतो. पाच गिअरचा बॉक्स मोकळ्या रस्त्यावर इंजिनाला आराम देतो; पण ओझे घेऊन चढ चढायचा तर पहिला गिअर किती ताकदीचा आहे, हे आधी पाहावे.

काम कसे होते?

बॅटरीची तार काढून गाडी भक्कम स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही शिरू नये. मग गिअर ऑइल काढायचे, प्रोपेलर शाफ्टवर खूण करून तो सोडवायचा. त्यानंतर स्पीडोमीटरची केबल, क्लचची जोडणी आणि गिअर लिव्हर निघते. इंजिनाला खालून आधार देऊन बॉक्स सरळ मागे ओढायचा. तो मध्येच लोंबकळला तर सगळे वजन क्लच प्लेटवर येऊन ती वाकते. फोर व्हील ड्राइव्ह जीपमध्ये मागे ट्रान्स्फर केसही असते, म्हणून जॅक किंवा चेनपुली हवीच.

बॉक्स खाली उतरलाच आहे, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधले छोटे बेअरिंग तपासून घ्यावे. तेव्हा वाचवलेले पैसे पुढे दुप्पट मजुरीत जातात. बसवताना प्लेट बरोबर मध्यात हवी. नाहीतर शाफ्ट आत शिरत नाही. बोल्ट आवळून बॉक्स जबरदस्तीने ओढून घेतला तर केसिंग फुटते. पितळी रिंगांच्या जुन्या बॉक्सला कंपनीने सांगितलेल्याच दर्जाचे ऑइल घालावे. काही तीव्र रसायनयुक्त ऑइल पितळ खातात.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

प्रमाणपत्रावर चेसिस आणि इंजिनचे क्रमांक असतात, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे त्याच मॉडेलचा बॉक्स बसवल्याने कागदावरचा तपशील बदलत नाही. पण दुसरा बॉक्स बसावा म्हणून चेसिस कापणे किंवा सोबत इंजिनही बदलणे हा वेगळा मामला आहे. त्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ नोंदणी करायची असेल तर आणखी जपावे. २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीच्या चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार चालत नाही आणि तिचा व्यावसायिक वापरही करता येत नाही. म्हणजे पोती वाहायची असतील तर ती पाटी कामाची नाही.

जुना बॉक्स घेताना पक्के बिल मागावे. चोरीच्या गाडीचा भाग गळ्यात पडू नये. आणि हे काम हंगामाच्या तोंडावर नको, शेतात हळद उभी असतानाच उरकावे. मग पहिले काही दिवस रिकामी गाडी चालवून, ऑइल गळते का ते पाहून, त्यानंतरच पोती भरावीत.